झेंड्याची काठी आणि पोलिसाची काठी

आपल्याकडे काही विषय असे आहेत की ते निघाले म्हणजे माणसे आवाज खाली आणतात. राष्ट्रध्वज हा त्यांपैकीच एक. "झेंड्याच्या बाबतीत वाद नको," असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि त्यांच्या मनातला आदर खरा असतो. तो आदर मलाही आहे. पण या आदराच्या आडोशाने एक निराळेच मत हळूहळू आपल्या अंगवळणी पडत चालले आहे. ते मत असे की, ध्वजाचा, राष्ट्रचिन्हांचा आणि त्यांच्या सावलीत उभ्या असलेल्या सत्ताधाऱ्यांचाही मान राखणे हे पोलिसाचे काम आहे. आणि तो मान कोणाच्या वागण्याने गेला हे ठरवण्याचा अधिकारही पोलिसाचाच. हे मत चुकीचे आहे. नुसते चुकीचे नव्हे, तर ज्या ध्वजाच्या नावाने ते मांडले जाते त्या ध्वजाच्याच इतिहासाला ते खाली पाहायला लावणारे आहे.

दिवाळीच्या अंकात ही कडू गोळी कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. वर्षातले हेच चार दिवस असे असतात की आजोबा आणि नातू एका ताटाभोवती बसतात. ध्वजाची गोष्ट आजोबांनी नातवाला सांगायची असेल, तर ती पुरी सांगावी.

ती गोष्ट नागपुरात सुरू होते. साल १९२३. मध्य प्रांताच्या सरकारने नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत, राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणूक नेण्यास मनाई केली. तो झेंडा आजचा नव्हे. त्यावर चरखा होता आणि त्याला कोणत्याही राज्यघटनेची मान्यता नव्हती. १ मे पासून सत्याग्रह सुरू झाला. रोज एक लहानशी तुकडी झेंडा घेऊन निघे, हद्दीपाशी पोलीस तिला धरीत, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी निघे. धुरा जमनालाल बजाजांच्या खांद्यावर होती. जूनमध्ये त्यांना पकडल्यावर वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. परप्रांतांतून माणसे आली. हजारावर लोक तुरुंगात गेले. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्याची मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून बिनअडथळा गेली आणि पुढे कैदीही सुटले.

आता सरकारच्या हातात त्या वेळी कोणते हत्यार होते ते पाहा. फौजदारी कायद्याचे १४४ कलम! त्या कलमाची भाषा फार सोज्वळ आहे. सार्वजनिक शांतता राहावी, कोणाला उपद्रव होऊ नये, एवढेच ते म्हणते. सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्यांना तो झेंडा पाहणे नकोसे होते; तेव्हा झेंडा हाच उपद्रव ठरला! चार माणसे एक कापड काठीला लावून रस्त्याने शांतपणे चालली होती. त्यांच्यामुळे कोणाचे डोके फुटत नव्हते की दुकान लुटले जात नव्हते. दुखावत होते ते फक्त सत्तेचे मन. आणि सत्तेचे मन दुखावले की शांतता भंगली, असा निवाडा शिपायाची काठी देत होती.

हाच निवाडा पुढे अधिक क्रूर झाला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार हा शाळकरी पोरगा हातात तिरंगा घेऊन पोलिसांपुढे उभा राहिला आणि गोळी खाऊन पडला. त्याचे सोबतीही पडले. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही तोच तिरंगा घेऊन आत शिरले, तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी बंदुका चालवल्या. इंग्रज काय आणि पोर्तुगीज काय, दोघांचाही युक्तिवाद एकच होता: आमच्या निशाणाचा मान आणि आमच्या राज्याची शांतता.

तात्पर्य, आपला झेंडा राजवाड्याच्या शिखरावर जन्मलेला नाही. तो रस्त्यावर, मनाई हुकूम मोडताना, निषेध करताना मोठा झालेला झेंडा आहे. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने त्याला आजचे रूप देऊन राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारले, त्याच्या कितीतरी आधी तो मनाई मोडणाऱ्यांचा झेंडा होता. अशा झेंड्याच्या नावाने निषेधाचे तोंड बंद करणे म्हणजे मुलाचे नाव पुढे करून आईला घराबाहेर काढण्यासारखे आहे.

यावर काही सुबुद्ध माणसे म्हणतात, "निषेध करा ना! पण शब्दांनी करा. ही जाळपोळ, हे झेंडे दाखवणे, ही चिन्हांची विटंबना कशाला?" हे म्हणणे वरकरणी रास्त दिसते. पण महाराष्ट्राच्या माणसाने तरी ते करू नये. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, ती काय कापड महाग पडत होते म्हणून? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. त्या ज्वाळेने कोट्यवधी माणसांचे जे म्हणणे एका क्षणात सांगितले, ते शंभर व्याख्यानांनी सांगता आले असते काय? त्या दिवशीही अनेकांच्या भावना दुखावल्या होत्याच. पुण्यातल्या सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. प्रकार ओंगळ खरा. पण आगरकरांचे त्याला उत्तर लेखणीचे होते, आणि आज महाराष्ट्राला लेखणीच आठवते, तिरडी नव्हे. चिन्हांनी बोलणे ही आपली जुनी भाषा आहे. कधी ती गोड लागते, कधी कडू. भाषा कडू आहे म्हणून ती भाषाच नव्हे, असे कसे म्हणता येईल?

या भाषेतला सर्वांत साधा शब्द म्हणजे काळा झेंडा. १९२८ च्या फेब्रुवारीत सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा काळ्या बावट्यांनी त्याचे स्वागत झाले. शाळेच्या पुस्तकातून आपण हे अभिमानाने शिकतो. पण आज त्याच महाराष्ट्रात मंत्र्यांचा दौरा ठरला की काय होते? कोणी शेतकरी संघटनेचा, कोणी विद्यार्थ्यांचा कार्यकर्ता काळा झेंडा दाखवील म्हणून आदल्या रात्रीच त्याला घरातून उचलून ठाण्यात बसवतात. दौऱ्याची मोटार गावाबाहेर गेली की त्याला सोडून देतात. ना खटला, ना आरोप. विचारले तर उत्तर ठरलेले: प्रतिबंधक कारवाई! पण दखलपात्र गुन्हा होण्याची शक्यता असेल, आणि तो दुसऱ्या कोणत्याही उपायाने टळणार नसेल, तरच हा अधिकार पोलिसांना कायद्याने दिलेला आहे. काळे कापड काठीला लावणे हा कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे? २०२४ साली केरळच्या उच्च न्यायालयापुढे मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याला काळे झेंडे दाखवणाऱ्यांचा खटला आला होता. कोणत्याही रंगाचे निशाण निषेध म्हणून दाखवले तरी त्याने बदनामीचा गुन्हा होत नाही, असे सांगून न्यायालयाने तो खटला रद्द केला. तेव्हा आदल्या रात्रीच्या त्या धरपकडीने शांतता राखली जात नाही. राखला जातो तो मंत्र्यांच्या मनाचा निवांतपणा. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सची हद्द पुसली गेली नाही. ती आता मोटारींच्या ताफ्याबरोबर गावोगाव फिरते, एवढाच फरक.

राष्ट्रध्वजाची गोष्ट निराळी, हे मला मान्य आहे. त्यासाठी आपल्याकडे १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणे, फाडणे, तुडवणे, विद्रूप करणे या गोष्टींना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण याच कायद्याला जोडलेला खुलासा वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. संविधानावर, राष्ट्रध्वजावर किंवा सरकारच्या एखाद्या कृतीवर नापसंती दाखवणारी टीका सनदशीर मार्गाने बदल घडवण्याच्या हेतूने केली, तर तो या कायद्याखाली गुन्हा नाही, असे तो खुलासा म्हणतो. म्हणजे ध्वजाचे रक्षण करायला बसलेल्या कायद्यानेसुद्धा ध्वजावरच्या टीकेला जागा ठेवली आहे. कायदा जिथे थांबतो तिथे पोलिसाने थांबावे, हे सांगायला मोठा कायदेपंडित लागू नये.

पण पोलीस थांबत नाहीत. २०१२ च्या सप्टेंबरात मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला अटक झाली. भ्रष्टाचारावर चिडून त्याने राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी लांडगे काढले होते. चित्र आवडो न आवडो, रोख स्पष्ट होता: राज्य सिंहांचे राहिले नाही. त्यावर राजद्रोहाचे कलम लावले गेले! ज्या कलमाने लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला धाडले, तेच कलम शाईच्या चार रेघांवर. पुढे ते सरकारलाच मागे घ्यावे लागले, आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम लावण्यापूर्वी सरकारी विधिज्ञाचे लेखी मत घेतले पाहिजे असे पोलिसांना बजावले. पण तोवर माणूस कोठडीत जाऊन आला होता. अशा खटल्यांत शिक्षा निकालाने होत नाही. ती अटकेच्या दिवशीच भोगून होते. पुढची सुटका म्हणजे केवळ पावती.

चंदीगडचे उदाहरण याहून कठीण आहे, म्हणूनच ते सांगतो. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींची हत्या झालेला दिवस. त्या दिवशी एका चित्रपटगृहाबाहेर सरकारी नोकरीतल्या दोघांनी खलिस्तानच्या बाजूने एक-दोनदा घोषणा दिल्या. ऐकून कोणाचेही रक्त तापावे अशाच त्या घोषणा होत्या. पण रस्त्यावरच्या कोणीही त्यांना साथ दिली नाही; काही घडले नाही. त्या दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाने एवढेच म्हणून सोडले नाही. अशा तंग वातावरणात घोषणांवरून अटक करण्यात पोलिसांनी परिपक्वता दाखवली नाही, असे सुनावले. गर्दीने दुर्लक्ष केलेल्या ठिणगीवर फुंकर घातली ती पोलिसाने! हा शब्द कोणा चळवळ्याचा नव्हे, देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायासनाच्या म्हणण्याचा हा अर्थ आहे.

"पण लोक चिडले तर? दंगल झाली तर? मग तुम्हीच पोलीस कुठे होते म्हणाल!" ही शंका खरी आहे आणि तिला सरळ उत्तर दिले पाहिजे. चिडलेल्या माणसाने दगड उचलला तर पोलिसाने दगड उचललेला हात धरावा. आपल्याकडे मात्र रीत उलटी पडली आहे. दगड मारणारे पन्नास असतात आणि बोलणारा एकटा. एकट्याला उचलणे सोपे जाते. २०१२ च्याच नोव्हेंबरात पालघरला एका नेत्याच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली. जमाव एका दवाखान्यावर चालून गेला आणि अटक झाली ती त्या दोघी मुलींना! पुढे खटला मागे घेतला गेला, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, हे खरे. पण त्या रात्री कायदा कोणाच्या बाजूला उभा होता? १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की, मोर्च्याच्या नि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दडपणे म्हणजे धाकदपटशाला शरण जाणे. राज्याचे काम त्या स्वातंत्र्याचे रक्षण करण्याचे आहे. चिडण्याला असे बक्षीस मिळू लागले, तर उद्या जो अधिक लवकर चिडतो त्याचीच सत्ता चालेल.

आता सर्वांत जड आक्षेप. "ज्या सैनिकाची शवपेटी या ध्वजात गुंडाळून घरी येते, त्याच्या आईला तुम्ही काय सांगाल?" या प्रश्नापुढे हलके बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. अमेरिकेतही हाच प्रश्न उभा राहिला आणि तिथल्या लोकांनी त्याच्याशी पुष्कळ झगडा केला. १९६६ च्या जूनमध्ये मिसिसिपीत जेम्स मेरेडिथ याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हा मेरेडिथ नऊ वर्षे अमेरिकी हवाई दलात नोकरी केलेला कृष्णवर्णीय गृहस्थ. काळ्या माणसांनी न भिता मतदानाची नोंदणी करावी म्हणून तो पायी निघाला होता. त्याच्यावरच्या हल्ल्याची बातमी ब्रुकलिनमध्ये सिडनी स्ट्रीट या कृष्णवर्णीय माणसाने ऐकली. राष्ट्रीय सणाला तो जो ध्वज घरावर लावीत असे, तो त्याने खणातून काढला, चौकात नेला आणि पेटवला. पोलिसाने विचारले तेव्हा त्याने लपवले नाही. ध्वज माझाच आहे, मीच जाळला; मेरेडिथचे असे होऊ देणार असाल तर हा ध्वज कशाला हवा, अशा अर्थाचे तो बोलला. आता सांगा, ध्वजाचा अपमान कोणी केला? ज्याने कापड पेटवले त्याने, की ज्यांनी त्या ध्वजाखाली राहणाऱ्या माजी सैनिकावर बंदूक चालवली त्यांनी? १९६९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. बोललेल्या शब्दांसाठी ती झाली असण्याचा संभव आहे, आणि शब्दांसाठी शिक्षा देता येत नाही, असे बहुमत पडले.

पुढे १९८४ साली डॅलसला ग्रेगरी जॉन्सनने असाच ध्वज जाळला. त्याला एक वर्षाची कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. १९८९ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने त्याला सोडले. त्या खटल्याच्या कागदांत एक लहानशी नोंद आहे. निदर्शक पांगल्यावर, ते सारे डोळ्यांनी पाहिलेल्या एका माणसाने त्या ध्वजाचे जळके तुकडे गोळा केले आणि घरी नेऊन आपल्या परसात पुरले. मला वाटते, सैनिकाच्या आईला द्यायचे उत्तर या नोंदीत आहे. तो माणूस जॉन्सनच्या अंगावर धावून गेला नाही. जळालेल्या ध्वजाला त्याने जो मान दिला, तो दहा तुरुंगांना देता आला नसता. अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ध्वज जाळणाऱ्यांवर खटले भरण्याचा आदेश काढला. पण राष्ट्राध्यक्षाच्या सहीने न्यायालयाचा निकाल पुसला जात नाही, हेही त्या देशाचेच भूषण.

आपला कायदा निराळा आहे आणि तो आहे तोवर पाळला पाहिजे. ध्वज जाळा असे मी कोणाला सांगणार नाही. पण ध्वजाला खरे संरक्षण तीन वर्षांच्या कैदेचे आहे, असेही मी मानणार नाही. सक्तीचा मान हा मान नसतो, ती हजेरी असते. १९८५ साली केरळात तीन भावंडांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढले. मुले उभी राहत, शांत राहत. धर्मश्रद्धेमुळे गात मात्र नसत. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. त्यामुळे राष्ट्रगीत एका सुराने तरी उणे झाले काय?

आणि हा ध्वज सरकारचा तरी कोठे आहे? कित्येक वर्षे सामान्य नागरिकाला तो आपल्या घरावर बारा महिने लावण्याचीही मुभा नव्हती. एका कारखानदाराने आपल्या कारखान्यावर तो लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, आणि वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २००४ साली न्यायालयाने सांगितले की, मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा! म्हणजे ज्या झाडाला निषेध लागतो, त्याच झाडाला ध्वजवंदनही लागते. एक फांदी तोडण्यासाठी बुंध्यावर कुऱ्हाड घालणाऱ्याने दुसऱ्या फांदीचे काय होईल याचा विचार करावा.

पोलिसाविषयी माझ्या मनात राग नाही. ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण घरात दिवे लावतो तेव्हा तो चौकात उभा असतो. वरून फोन येतो, खालून जमाव येतो, आणि मधल्या मध्ये त्याला काठी उचलावी लागते. म्हणूनच त्याच्या काठीची हद्द त्याच्या मर्जीवर न सोडता आपण ठरवून दिली पाहिजे. काठी उचलण्यापूर्वी त्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कोणाला इजा झाली आहे काय? इजा होण्याचे खरे आणि जवळचे भय आहे काय? कायद्याचा कोणता शब्द मोडला गेला? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या क्षणी त्याचे काम एकच: निषेध करणाऱ्याला सुखरूप घरी पोचू देणे. महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे लिहिले आहे. सज्जनाचे रक्षण आणि खलाचा निग्रह. सत्ताधाऱ्यांच्या रुसव्याचे रक्षण असे तिथे कोठेही लिहिलेले नाही.

बोललेल्या शब्दाचे माप कोणाच्या मनाने घ्यावे, याचे उत्तरही नागपूरनेच दिले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसांच्या मापाने मोजावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा हातात घेतले आणि पोलिसांना संविधानाची आठवण करून दिली. पाऊणशे वर्षांनंतरही ती करून द्यावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

झेंड्याला काठी लागते ती त्याला उंच धरण्यासाठी. ती काठी नागपूरच्या सत्याग्रह्यांनी धरली, नंदुरबारच्या पोरांनी धरली. त्यांच्यासमोर दुसरी काठी उभी होती, आणि ती काठी कोणाच्या हातात होती हे आज कोणाला आठवतही नाही. आपल्या मुलांना यांतली कोणती काठी आपली म्हणून दाखवायची, ते ज्याने त्याने ठरवावे.